गुंजनला कळवण्याबाबत

मी, सुलोचना पुंडलिकराव कोंडावार, वय वर्षे शहात्तर, राहणार वडनेर, तालुका हिंगणघाट, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या बुद्धीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणू शकेल असा माणूस या घरात एकच होता, तो पाच वर्षांपूर्वी गेला, आणि त्यालाही ते फारसे कधी जमले नाही.

वकीलसाहेबांनी मसुदा करून आणला होता. त्यात घर, दुकान, शेत आणि दागिने एवढेच होते. मी विचारले, बाकीचे कुठे आहे? ते म्हणाले, काकू, मृत्युपत्रात मालमत्ताच लिहितात. मी त्यांना चहा दिला, त्यांच्या मसुद्यातली कायद्याची वाक्ये ठेवून घेतली आणि बाकीचे स्वतः लिहायला बसले.

लिहायचे कारण असे. माझ्या हृदयाची ताकद कमी झाली आहे. वर्ध्याच्या डॉक्टरांनी कैलासला बाजूला घेऊन सांगितले की दिवाळी दिसेल, पुढचे सांगता येत नाही. बाजूला घेतले तरी मला ऐकू आले, कानाला काही झालेले नाही. आणि दिवाळी झाली की माझी नात गुंजन भारताच्या संघाबरोबर परदेश दौऱ्यावर जाणार आहे. खांद्याच्या ऑपरेशननंतरचा तिचा हा पहिला दौरा. माझे जाणे आणि तिचे जाणे अशी दोन्ही एकाच सुमारास येऊ घातली आहेत. त्याची व्यवस्था आधी लावली पाहिजे.

कलम एक. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी सून जया कैलास कोंडावार हिने करावी. मुलगा असताना सून कशाला, असे विचारणाऱ्यांनी माझ्या मुलाला एकदा रेल्वेचे तिकीट काढायला सांगून पाहावे.

कलम दोन. गुंजन ही कैलास आणि जयाची मुलगी, भारताच्या महिला संघाची वेगवान गोलंदाज. माझे निधन झाले त्या वेळी ती दौऱ्यावर असेल, तर तिला कळवू नये. फोन करू नये, निरोप देऊ नये, आणि आजकाल जे मोबाइलवर हार घातलेला फोटो टाकतात तोही टाकू नये. दौरा संपवून ती नागपूरच्या विमानतळावर उतरली की जयाने तिला सांगावे. जो कोणी आधी फोन करील त्याचा या मृत्युपत्रातला हिस्सा रद्द समजावा. असे का लिहिते, ते कलम आठमध्ये आहे.

कलम तीन. वडनेरचे राहते घर, खळे वगळून बाकीचे शेत आणि हिंगणघाटचे कापडाचे दुकान मी माझा मुलगा कैलास यास देत आहे. दुकानात गल्ल्याच्या मागे कापड मोजायचा जो लोखंडी गज टांगला आहे तो तिथेच टांगलेला राहील. तो वापरू नये, कारण मीटर आल्यापासून तो कायद्यात बसत नाही. तो विकू नये, कारण त्या गजाने या घराला जे दिले ते पुढच्या कलमात येत आहे.

कलम चार. वडनेरच्या शेतातले खळे, म्हणजे विहिरीपलीकडची सोयाबीन आणि तूर काढायची मोकळी जागा, तिथल्या गोलंदाजीच्या पट्टीसह आणि दगडी रुळासह मी गुंजनला देत आहे. ही जागा हायवेला लागून आहे आणि तिचे प्लॉट पडू शकतात हे मला माहीत आहे. माझे दीर भैयाजी यांना ते माझ्याही आधीपासून माहीत आहे.

ही पट्टी कशी झाली ते लिहून ठेवते. गावातल्या पोरांना सगळ्यांनाच बॅट हवी असायची. मे महिन्याच्या उन्हात लांबून धावत येऊन चेंडू टाकायला कोण तयार होणार? मग ते काम गुंजनच्या गळ्यात पडले. ती तेव्हा दहा-अकरा वर्षांची, तिला वाटले आपल्याला खेळायला घेतले. पोरे गरम वाऱ्याकडे पाठ करून बॅट धरत, म्हणजे हिला झळा तोंडावर घेत धावावे लागे. एक उन्हाळा असा गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात तिचा चेंडू पोरांच्या नडग्यांना लागायला लागला, तेव्हा त्यांनी ठराव केला की हिला टाकू द्यायचे नाही. ती रडत घरी आली.

"काऊन रडतेस?" यांनी विचारले.

"मले टाकू देऊन नाई राह्यले. म्हणते, तुह्या चेंडू लागते."

हे हसले. माझे यजमान पुंडलिकराव सहसा हसत नसत, गिऱ्हाइकासमोर तर नाहीच. म्हणाले, "लागते ना? मंग आपण आपल्या खळ्यातच पट्टी बनवू."

पट्टी बावीस गजांची असते एवढे त्यांनी पेपरात वाचले होते. दुकानाच्या माळ्यावरून त्यांनी सासऱ्यांच्या वेळचा लोखंडी गज काढला आणि खळ्यात वाकून मोजायला सुरुवात केली. आता आमच्या दुकानाची एक रीत होती. कापड मोजताना प्रत्येक गजामागे चार बोटे वर सोडायची. सासऱ्यांनी ती सुरू केली आणि यांनी जन्मभर पाळली. त्या चार बोटांसाठी अल्लीपूरचे गिऱ्हाईक वाटेतली तीन दुकाने टाकून आमच्याकडे यायचे. हाताला तीच सवय लागलेली. खळ्यातही गज ठेवला की चार बोटे, पुन्हा गज की पुन्हा चार बोटे. बावीस गज मोजून झाले तेव्हा पट्टी एका पुरत्या माणसाच्या उंचीएवढी जास्त लांब झाली होती. पुंडलिकरावांचे माप पुन्हा मोजून पाहणे म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांना खोटे म्हणणे, त्यामुळे कोणी मोजले नाही. मुरूम टाकला, तळ्यातला गाळ आणून पसरला, बैलांना रूळ ओढायला लावला आणि नारळ फोडला.

त्या पट्टीवर पोरीने तीन वर्षे चेंडू टाकले. सोबतीला तिची मैत्रीण समीक्षा, जी यष्टीमागे उभी राहायची आणि सुटलेले चेंडू आणायला तुरीत शिरायची. मग नागपूरला मुलींच्या निवडीला हे दोघींना घेऊन गेले. मीही गेले, दशम्या बांधून. गुंजन धावत आली, चेंडू टाकला, आणि तो टप्पा न पडता थेट बॅटवर गेला. दुसरा तसाच, तिसराही तसाच. निवड करणाऱ्यांपैकी एक गृहस्थ म्हणाले, "बेटा, टप्पा कहाँ है?" बाकीच्या मुली हसल्या. गुंजनचे तोंड एवढेसे झाले.

हे सीमारेषेच्या बाहेरून मोठ्याने म्हणाले, "तुमची पट्टी छोटी आहे जी. मोजून पाहा."

नागपूरच्या मैदानाची पट्टी छोटी आहे, असे वडनेरचा कापडवाला सांगत होता. त्या गृहस्थांनी खरोखरच टेप मागवली आणि मोजून दाखवली. बरोबर होती. हे तिथेच गवतावर बसले, आणि चार बोटांचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर उमटलेला मला दिसला. पण तिथे भावना मॅडम म्हणून प्रशिक्षक होत्या, त्या जाळीमागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "फुलटॉस आहे हे मलेबी दिसते. पण बॅट उशिरा येऊन राह्यली, ते पाहा. पोरी, उद्या परत येजो." दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्टीवर आपला हातरुमाल ठेवला आणि म्हणाल्या, याच्यावर पाड. दुपारपर्यंत त्या रुमालाचे पोतेरे झाले आणि गुंजनचे नाव यादीत आले. भावना मॅडमचे उपकार आम्ही विसरलो नाही, दर संक्रांतीला त्यांच्याकडे तीळगुळाबरोबर एक रुमाल जातो. तो पुढेही जावा.

बसमध्ये परत येताना हे म्हणाले, उद्याच पट्टी कापून बरोबर करतो. तेव्हा गुंजन म्हणाली, "काऊन कापता आबाजी? लंब्या पट्टीवर दम लागते, म्हणूनच तिकडं चेंडू सपकन पोहोचते. राहू द्या." यांना त्या दिवशी तोंडावर खोटे ठरावे लागले होते, पोरीने ते घरी पोहोचायच्या आत पुसून टाकले. म्हणून माझी अट अशी की पट्टी आहे तेवढीच राहील.

कलम पाच. गुंजनची कारकीर्द पेपरवाल्यांनी लिहिली आहे, ती कात्रणे जयाकडे आहेत. पेपरवाल्यांनी न लिहिलेले मी इथे लिहिते, कारण तेही मी मागे ठेवून जात आहे आणि त्याचे वारस घरातले सगळेच आहेत.

भारताकडून तिचा पहिला सामना आम्ही दुकान बंद ठेवून पाहिला. पहिला चेंडू इतका बाहेर गेला की यष्टिरक्षक मुलगी आडवी पडली. दुसऱ्यावर चौकार गेला. कैलासला ते बघवेना, तो पाणी प्यायला उठला, आणि तेवढ्यात मधली दांडी उडाली. आजवर त्याने ती फक्त पुन्हा दाखवली तेव्हाच पाहिली आहे. दांडी गेली तेव्हा मी काय केले? काही नाही. यांच्याकडे पाहिले. ते हाताची चार बोटे जोडून बघत बसले होते.

आणि तो परदेशातला चार दिवसांचा सामना. मैदान समुद्राजवळ, वारा असा की अंपायरची टोपी उडाली. वाऱ्याच्या बाजूने टाकायला दुसरी मुलगी होती, तिचा मान मोठा. गुंजनच्या वाट्याला वाऱ्याच्या तोंडावरचे टोक आले. समालोचक सांगत होता की या नवीन मुलीवर अन्याय आहे, एवढ्या वाऱ्याविरुद्ध कोणी किती वेळ टाकणार. आम्ही घरात हसत होतो. वडनेरच्या मे महिन्यात जी मुलगी पोरांना चेंडू टाकून मोठी झाली, तिला तो समुद्राचा थंड वारा म्हणजे पंखाच की. जेवणाच्या सुट्टीपासून चहापर्यंत तिने एकाच टोकाने टाकले. तिचे धावणे मला फार आवडते. सुरुवातीला असे वाटते की ही बाजारात निघाली आहे, मग पावले लांब होतात, आणि शेवटच्या उडीला ती क्षणभर कोणाचीच नसते, माझीही नाही. पाच बळी घेतले. पाचवी बाद झाली तेव्हा हिने हात उंचावले नाहीत, आरोळी ठोकली नाही. गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभी राहिली, पाठ वरखाली होत होती. मला तिचा इतका अभिमान वाटला की छातीत दुखले. हे आजारपण येण्याच्या पुष्कळ आधीचे आहे, तेव्हा ते दुखणे अभिमानाचेच समजावे.

कलम सहा. शेतातली बैलजोडी. ट्रॅक्टर आला तरी आम्ही एक जोडी ठेवली आहे, आणि गुंजन खेळते आहे तोवर ती विकू नये. कारण सांगते. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे शेकतो. तूप आणि हळद कोमट करायची, पळसाच्या पानाने खांद्यावर लावायची, आणि बैलाच्या कानाशी म्हणायचे, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. वर्षभर ज्या खांद्याने ओढले त्याला एक दिवस मान. गुंजन भारतीय संघात गेली त्या वर्षी पोळ्याला घरी होती. बैलांचे झाल्यावर वाटीत तूप उरले होते. मी तिला बोलावले, उजवा खांदा उघडा करायला सांगितला आणि पळसाचे पान त्यावर फिरवले. ती म्हणाली, "आजी, मी काय बैल आहो?" मी म्हटले, "बैलापेक्षा जास्त ओढतेस. चूप बस." तेव्हापासून ती पोळ्याला जिथे असेल तिथून फोन लावते, आणि मी फोनच्या काचेवर पान फिरवते. जया हसते. हसू दे.

दोन वर्षांपूर्वी तो खांदा निकामी झाला. चेंडू टाकताना आतले काही तरी फाटले आणि हात वर जाईना. वेणीसुद्धा जया घालून द्यायची. मोठ्या शहरात ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी बजावले की सहा महिने या खांद्याला घरच्या कोणी तेलपाणी करायचे नाही. मी डॉक्टरांचा शब्द मोडला नाही. त्या पोळ्याला मी तूप डाव्या खांद्याला लावले. ती म्हणाली, "हा तं टाकतच नाई." मी म्हटले, "टाकत नसला तरी सोबत जाते ना." त्यावर ती पहिल्यांदा रडली. ऑपरेशनला रडली नव्हती, संघातून नाव गेले तेव्हाही रडली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून खळ्यात गेली आणि डाव्या हाताने रूळ ढकलायला लागली. तिथून आजपर्यंतचा रस्ता तिने कसा कापला ते मी रोज ओट्यावरून पाहिले आहे. आधी नुसते चालणे, मग नुसते धावणे, मग चेंडू न घेता हात फिरवणे, मग समीक्षा समोर उभी राहून हळू टाकणे. एवढा धीर माझ्या ओळखीत कोणाकडे नाही, आणि मी जन्मभर साड्या निवडणाऱ्या बायका पाहिल्या आहेत.

कलम सात. माझे सर्व दागिने जयाला. त्याशिवाय गोठ्यामागच्या चुलीवरची लोखंडी कढई. आमचे घर शाकाहारी. पोरीला ताकद पाहिजे म्हणून भावना मॅडमनी अंडी सांगितली, तेव्हा जयाने कोणालाही न विचारता गोठ्यामागे चूल मांडली आणि थंडीपावसात तिथे उकिडवी बसून पोरीला अंडी करून घातली. मी बघून न बघितल्यासारखे केले. आजपासून ती कढई स्वयंपाकघरात यावी. यावर कोणी नाक मुरडले तर माझी सही दाखवावी.

माझे दीर भैयाजी यांस माझी हातांची लाकडी खुर्ची. पट्टी होत होती तेव्हा ते म्हणाले होते, "पोरीचा हात उतरला तं सोयरीक कोन करन?" आता गुंजनचा कुठेही सत्कार असला की पहिल्या रांगेत तेच असतात. ही खुर्ची त्यांनी सोबत न्यावी, म्हणजे आयोजकांची धावपळ होणार नाही. मात्र खांद्याच्या ऑपरेशनच्या दिवसांत त्यांनी रोज न चुकता फोन केला, हेही लिहिते. म्हणूनच खुर्ची चांगल्यातली दिली आहे.

कलम आठ. आता कलम दोनचे कारण. पाच वर्षांपूर्वी हे दुकानात कापड फाडता फाडता खाली बसले आणि उठले नाहीत. गुंजन तेव्हा परदेशात मोठ्या स्पर्धेत होती. आदल्या सामन्यात तिने चार बळी घेतले होते आणि उपांत्य सामना दोन दिवसांवर होता. कैलासने आधी तिकिटाची व्यवस्था केली आणि मग तिला फोन केला. ती तशीच निघाली. तीन विमाने बदलून वडनेरला पोहोचली तेव्हा आम्ही वणा नदीच्या काठावर राख सावडत होतो. तिने आबाजींचे तोंड पाहिले नाही आणि सामनाही खेळली नाही. तिच्या जागी घेतलेली मुलगी चांगली खेळली, त्यात त्या मुलीचा काही दोष नाही. गुंजनला परत संघात यायला दीड वर्ष लागले. वेगवान गोलंदाजाची वर्षे मोजकीच असतात, त्यातले दीड वर्ष एका मूठभर राखेसाठी गेले. आता खांदा जेमतेम जुळून आला आहे आणि ही तिची शेवटची संधी आहे असे भावना मॅडमही म्हणतात. ती संधी माझ्या मरणाने जाऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.

इथपर्यंतचे मी पोळ्याच्या आधी लिहिले होते. पुढचे पोळ्यानंतर लिहीत आहे.

पोळ्याला गुंजन घरी आली. जयाने तिला कलम दोन सांगून टाकले. मी जयाला जाब विचारला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "आई, अंमलबजावणी मीच करणार ना? तुमचं ते दुसरं कलम माह्यानं होणार नाई. म्हणून आताच सांगून टाकलं."

दुपारी गुंजनने मला हाताला धरून खळ्यात नेले, लिंबाच्या सावलीत खाटेवर बसवले आणि स्वतः समोर रुळावर बसली. हातात चेंडू होता, तो ती नुसताच फिरवत होती. ती रागात होती. रागात असली की ती फार हळू बोलते.

"आजी, आबाजी गेले तेव्हा मले कोणी विचारलं का, येतेस का थांबतेस?"

मी म्हटले, त्यात विचारायचे काय होते.

"तेच तं. बाबानं तिकीट काढून मंग फोन केला. आता तू म्हणून राह्यली, फोनच करू नका. तेव्हाबी तुम्हीच ठरवलं, आताबी तुम्हीच ठरवून राह्यले."

"तेव्हा विचारलं असतं तं थांबली असतीस?"

"मालूम नाई." तिने चेंडू उजव्या हातातून डाव्या हातात घेतला. "तेच मले आजपर्यंत मालूम नाई, आजी. त्या दीड वर्षाचं मले काही वाटत नाई. पण मी आली असती का थांबली असती, हे मले कधीच समजणार नाई. अन् आता तू अशी करशील तं मी तिकडं धावून राह्यली असीन, हसून राह्यली असीन, अन् साऱ्या वडनेरले मालूम असीन का तू गेली, फक्त मलेच नाई. मंग कोणासाठी टाकून राह्यली मी?"

मी तिला अजून त्या नडगीवाल्या पोरांपासून वाचवत होते. ती सत्तावीस वर्षांची बाई आहे, परक्या देशात अनोळखी माणसांसमोर वाऱ्याच्या तोंडावर एकटी उभी राहते, आणि माझ्या मरणाची बातमी तिला पेलणार नाही असे मी धरून चालले होते. मला फार वाईट वाटले. मी तिचा उजवा हात ओढून घेतला आणि मांडीवर ठेवला. तो जड होता. हात तिथेच राहू देऊन ती म्हणाली, "लिही मंग."

कलम नऊ. म्हणून मी ठरवते की,

कलम दोन रद्द आहे. मी त्यावर एकच आडवी रेघ मारली आहे, म्हणजे खालचे वाचता येईल.

माझे निधन झाल्याची बातमी सर्वांत आधी गुंजनला द्यावी. भैयाजींच्या आधी, नातेवाइकांच्या आधी, शेजारच्या खोलीतल्या माणसाच्याही आधी. ती मैदानात असेल तर ती बाहेर येताच द्यावी. फोन जयाने करावा. "आजी गेली" एवढेच सांगावे. ये म्हणू नये आणि येऊ नको असेही म्हणू नये. तिचे तिकीट कोणीही काढून ठेवू नये, कैलास.

ती येते म्हणाली, तर कितीही वेळ लागला तरी मला थांबवून ठेवावे. बर्फ आणावा. भटजींना घाई असेल तर त्यांना दुसरीकडे जाऊ द्यावे. अग्नी गुंजनच्या हातून घ्यायचा आहे.

ती टाकते म्हणाली, तर तो शब्द अखेरचा. आज नाही, उद्या नाही, तिच्या लग्नात नाही आणि तिच्या म्हातारपणी नाही, कोणीही तिला त्याबद्दल एक अक्षर विचारू नये. अशा वेळी अग्नी कैलासने द्यावा. पण तिचा सामना त्या दिवशी असेल तर मला लगेच उचलू नये. टीव्ही अंगणात आणावा, माझे डोके त्याच्या बाजूला करावे आणि आवाज मोठा ठेवावा. तिचे टाकून पूर्ण होईपर्यंत तिरडी हलवायची नाही. ज्यांना रडायचे असेल त्यांनी दोन षटकांच्या मध्ये रडून घ्यावे.

हे सर्व मी पुन्हा वाचले. मला ते मान्य आहे.

ठिकाण : वडनेर, तालुका हिंगणघाट, जिल्हा वर्धा
दिनांक : ९ सप्टेंबर २०२४

(सही) सुलोचना पुंडलिकराव कोंडावार

सुलोचनाबाईंनी चष्मा लावून, एकेक पान वाचून, आम्हा दोघांच्या डोळ्यांसमोर वरील सही केली, आणि त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर आम्ही साक्षीदार म्हणून आमच्या सह्या करत आहोत. या मृत्युपत्रात आमच्या नावे काहीही ठेवलेले नाही.

साक्षीदार १ : (सही) ताराचंद चांडक, शेजारचे दुकानदार, हिंगणघाट
साक्षीदार २ : (सही) समीक्षा भोयर, शिक्षिका, वडनेर